सायमन मेस्त्रींची खडूची रेघ

एका रविवारी दुपारी सायमन मेस्त्रींच्या मुलीचा, लीनाचा फोन आला. “ताई, पप्पा गेले.” मी एकदम विचारलं, “काय झालेला?” ती म्हणाली, “कायच नाय. चाय मागल्यानी, कप तोंडाक लावल्यानी, आणि...” त्याला आता दीड महिना झाला. पण ते ‘कायच नाय’ माझ्या डोक्यातून जात नाही.

सायमन मेस्त्री माझ्या कुडाळच्या वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवसापासून होते. आम्ही मच्छीमारी बोटींचे फायबरचे भाग कापून, भोकं पाडून देतो. फायबरमधली काच हत्याराची धार खाते. सकाळी लावलेलं ड्रिल जेवणाच्या सुट्टीपर्यंत कण्हायला लागे. आम्हाला ते ऐकूही येत नसे, पण मेस्त्री लांबून ओरडत, “काढ गो ता, रडता!” मग ते स्वतः हिरव्या दगडावर धार लावून देत. नवंकोरं ड्रिल आलं तरी आधी दगडाला टेकवल्याशिवाय ते कुणाच्या हाती देत नसत. “माझो हात लागल्याशिवाय हत्यार आपला होना नाय,” म्हणत. जगातल्या बाकी कारखान्यांना धार लावणं कुठे जमतंय, असाच त्यांचा थाट होता.

एका पावसाळ्यात मालवणच्या तीन बोटींच्या केबिनचं काम आलं. नारळी पौर्णिमेला बोटी पाण्यात जायलाच हव्या होत्या, आणि बोथट ड्रिलने केबिनचं एक पॅनल जरी फाटलं तरी दुसरं ओतायला वेळ नव्हता. मी घाबरून पुण्याहून हिऱ्याचा लेप दिलेली दोन ड्रिलं मागवली. वर करडा, केसाहून पातळ थर. विकणाऱ्याने बजावलं होतं, याला कधी धार लावायची नाही. ते मेस्त्रींना सांगायचं राहिलं आणि मी ओरोसला कचेरीच्या कामाला गेले. परत आले तर पहिलं ड्रिल दगडावरून उतरलेलं, टोकाचा लेप गेलेला. “फक्त एक हात मारलंय, बाय,” ते म्हणाले. मी सगळ्यांदेखत ओरडले, “कोणी सांगितल्यान तुमका?” चूक माझी होती. ते मान खाली घालून उभे राहिले. अजून आठवलं की लाज वाटते.

दुसरं ड्रिल लावलं. दोन दिवस ते लोण्यातून गेल्यासारखं चाललं. मी खूश, पण मेस्त्रींचा चेहरा उतरत चालला. मशीनला कान लावून ते उभे असत. शेवटी म्हणाले, “बाय, ह्येचो आवाज बदलना नाय. म्हणजे ह्या सांगाचा नाय. एकदम जातला.” मग त्यांनी भिंतीवर खडूने रेघा मारायला सुरुवात केली. दहा भोकांना एक रेघ, की मशीन बंद, की भिंगातून टोक बघायचं. मी चिडायचे, वेळ जातोय म्हणून. तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. कडेचा मोहरीएवढा लेप उडाला होता आणि आवाज मात्र तस्साच. अजून एका भोकात पॅनल फाटलं असतं. उरलेलं काम त्यांनी जुन्या ड्रिलांना दिवसभर धार लावून लावून पुरं केलं. बोटी वेळेत गेल्या.

त्यानंतर लेपाची ड्रिलं कायम वापरली आणि रेघाही कायम राहिल्या. आवाजावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले... असं मला वाटत होतं. गेल्या वर्षभरात ते वर्कशॉपच्या तीन पायऱ्या चढताना मधल्या पायरीवर थांबत. मी आत जाता जाता विचारत असे, “बरे आसास मां?” ते म्हणत, “बरो आसंय.” रोज तेच, त्याच खणखणीत आवाजात. मी आवाज ऐकत होते आणि पुढे जात होते. एकदासुद्धा थांबून बघितलं नाही.

परवा लीना त्यांचं भिंग न्यायला आली. मशीन चालू होतं. भिंतीवर त्यांच्या शेवटच्या चार रेघा तशाच आहेत, मी कुणाला पुसू दिलेल्या नाहीत. ती त्या रेघांकडे बघत उभी राहिली. मी विचारलं, “कशी आसस गो?”

“बरी आसंय,” ती म्हणाली. आवाज अगदी स्वच्छ.

मी मशीन बंद केलं आणि मेस्त्रींचं स्टूल तिच्याकडे सरकवलं. “बस,” म्हटलं. “आता परत सांग.”