गोमुखी बैठकीतले स्पीकर

वसमतच्या त्या गल्लीत पहिला रंगीत टीव्ही आला तो हट्टेकरांकडे. मिक्सरही आधी त्यांच्याकडेच आला. व्यंकटराव हट्टेकर बाजार समितीत कारकून होते. दिवसभर हळदीच्या धुळीत बसून शिंकायचे आणि संध्याकाळी घरी आले की खुलायचे. नवी वस्तू घरात आली की खोकं फोडायचं, माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची, आणि सगळं जोडून झालं की स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारायची, “सुधा, हे बघ गं!”

सुधाबाई पदराला हात पुसत यायच्या. बघायच्या, “अगंबाई!” म्हणायच्या. मिक्सर काय नि टेपरेकॉर्डर काय, त्यांना त्याचं फारसं काही नसायचं. पण नवऱ्याचं तोंड त्या वेळी लहान लेकरासारखं व्हायचं, आणि ते बघायला त्या भाजी गॅसवर तशीच ठेवून येत.

लेक देवश्री लग्न होऊन संभाजीनगरला गेली, व्यंकटराव निवृत्त झाले, आणि घरात दोघंच उरली. पुढे सुधाबाईंना काचबिंदू निघाला. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळायची. थेंब सुरू झाले. व्यंकटराव सकाळ-संध्याकाळ न चुकता स्वतः थेंब घालत. “आता कसं दिसतंय?” असं विचारलं की सुधाबाई म्हणत, “धुरकट आहे थोडं. पण दिसतं की.” आणि उठून चहा टाकत. साखर सांडत नव्हती, दूध उतू जात नव्हतं. मग माणसानं संशय तरी कशाचा घ्यावा?

एकच नवी सवय त्यांना लागली होती. टीव्ही दिवसभर चालू ठेवायचा. कोणी बघत नसलं तरी. व्यंकटराव वीज वाचवायला बंद करायचे, त्या पुन्हा लावायच्या. “असू द्या हो. घरात जाग वाटते.”

एकदा मालिका बघता बघता त्या सहज म्हणून गेल्या, “आताशा मी बघण्यापेक्षा ऐकतेच जास्त.”

व्यंकटरावांच्या मनानं ते वाक्य धरून ठेवलं. ऐकतेच ना? मग असं ऐकवतो की बघायची गरज पडू नये. नदी दाखवली की नदी खोलीत वाहिली पाहिजे, पाखरू डोक्यावरून गेलं पाहिजे. महिनाभर त्यांनी मोबाइलवर हेच बघितलं, आणि एके दिवशी चारी बाजूंनी आवाज देणाऱ्या स्पीकरचं भलंमोठं खोकं दारात येऊन पडलं. पाच स्पीकर आणि एक घुमणारा डबा.

अडचण होती ती बैठकीची. आजोबांची जागा भावाभावांत वाटली गेली, तेव्हा मोजणीची दोरी तिरपी पडली म्हणा की कोणाची नियत तिरपी होती म्हणा, हट्टेकरांच्या वाट्याला रस्त्याकडे निमुळती आणि आत रुंद होत जाणारी खोली आली. गोमुखी जागा आहे, लाभेल, असं लोक म्हणायचे. टीव्ही निमुळत्या टोकाला. ऐन मध्यावर नाही आणि कडेलाही नाही असा एक खांब, आणि त्या खांबाला टेकून सुधाबाईंची हातांची लाकडी खुर्ची. मागच्या बाजूला एकीकडे भिंत, तर दुसरीकडे थेट स्वयंपाकघराचं दार.

फिटिंग करायला देविदास राठोड आला. सेनगावकडच्या तांड्यावरचा, वसमतला येऊन त्यानं विजेचं काम धरलं होतं. हट्टेकरांच्या घरातला झाडून सगळा पंखा-दिवा त्याच्या हाताखालून गेलेला. खोलीकडे बघून त्यानं कपाळावर हात मारला.

“काका, मागचा उजवा कुठं लावू? तिथं भिंतच न्हाई.”

“दाराच्या चौकटीवर लाव.”

“आन् हा खांब मधी येऊन राहिला. डाव्या अंगाचा आवाज त्याच्यावरच आपटंल.”

व्यंकटरावांनी चष्मा सरसावून पुस्तिका पुढे केली. ऐकणारा माणूस सगळ्या स्पीकरांपासून सारख्या अंतरावर बसला पाहिजे, असं त्यात चित्र होतं. दोघांनी टेप धरला, सुतळी धरली, खडूनं फरशीवर रेघा मारल्या. शेवटी एकच जागा अशी सापडली की खांब आड येत नव्हता. देविदासनं सुधाबाईंची खुर्ची उचलून तिथं नेली. तिपाई आड येत होती, ती खांबाकडे सरकवली.

सुधाबाई आत भाकरी थापत होत्या. खटपट त्यांच्या कानावर येतच होती. “फार पसारा करू नका रे,” एवढंच त्या म्हणाल्या.

सगळं जोडून झालं तेव्हा व्यंकटरावांनी आधीच हेरून ठेवलेला रानातला आवाज लावला. आणि खरोखर, त्या वेड्यावाकड्या खोलीत रान उभं राहिलं. मागून वारा आला, डावीकडे पाणी खळखळलं, एक पाखरू दारावरून निघून टीव्हीपर्यंत ओरडत गेलं. देविदास मान फिरवून पाखरू शोधायला लागला. व्यंकटरावांचा ऊर भरून आला.

“सुधा, हे बघ गं!”

सुधाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या, आणि थबकल्या.

“अहो, टीव्ही कुठंय?”

व्यंकटराव खळखळून हसले. एवढी दाद त्यांना कोणी दिली नव्हती. “बघ! कळेनासं झालं ना? अगं, समोरच आहे!”

“समोर म्हणजे कुठं?”

“ये तर खरी! बस खुर्चीत!”

सुधाबाई क्षणभर उभ्याच राहिल्या. मग पुढे आल्या. नेहमीच्या वाटेनं, नेहमीच्या बेतानं, खांबाच्या रोखानं. खुर्ची जिथं असायची तिथं त्या वळल्या आणि ट्रे सांभाळत बसायला गेल्या. खाली काही नव्हतं. तिपाईच्या कडेवर कंबर आदळून त्या फरशीवर पडल्या. चहा उडाला, कप फुटले. वरून पाखरू ओरडतच होतं.

“बंद कर! बंद कर ते!” व्यंकटराव ओरडले. देविदासनं वायरच उपटली आणि “मावशी!” म्हणत सुधाबाईंना उचलायला धावला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. नांदेडला नेलं. शस्त्रक्रियेआधी तपासणाऱ्या डॉक्टरांनी डोळ्यांवर बॅटरी मारली, बोटं हलवली, आणि व्यंकटरावांना बाजूला घेऊन विचारलं, “यांना दिसेनासं होऊन किती दिवस झाले?”

“दिसतं त्यांना. धुरकट दिसतं.”

डॉक्टरांनी मान हलवली. “उजेडही कळत नाही, आजोबा.”

व्यंकटराव वॉर्डात येऊन खाटेजवळच्या स्टुलावर बसले. सुधाबाईंनीच विचारलं, “सांगितलं का डॉक्टरांनी?”

“कधीपासून, सुधा?”

“गेल्या महालक्ष्म्यांपासून. मुखवटे मांडले आणि मला त्यांची तोंडं दिसली नाहीत.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही मला चुलीपाशी जाऊ दिलं असतं का? एका जागी बसवून ठेवलं असतं.” त्यांनी चाचपत पांघरूण वर ओढलं. “आणि तुम्ही मला ‘हे बघ गं’ म्हणता ना, ते बंद झालं असतं.”

व्यंकटरावांनी त्यांचा हात धरला. वर्षभर याच हातानं त्यांना चहा मिळाला होता. वर्षभर ते रोज त्या डोळ्यांत वाकून थेंब घालत होते, आणि त्यांना काही दिसलं नव्हतं.

“टीव्ही वाजत असला की मला घर कळायचं,” सुधाबाई हळू आवाजात म्हणाल्या. “तो समोर, म्हणजे खांब इकडं, देवघर तिकडं. त्या दिवशी तो चहूकडून वाजायला लागला. मग मी कुठं आहे तेच कळेना.”

“तेव्हाच म्हणायचंस ना, थांबा म्हणून.”

“तुम्ही किती खुशीत होता.”

त्यांना घरी आणायच्या आदल्या दिवशी व्यंकटरावांनी देविदासला बोलावून सगळे स्पीकर उतरवले. देविदास मान खाली घालून काम करत होता. खोकं बांधून झाल्यावर व्यंकटराव म्हणाले, “तू घेऊन जा हे. तुझ्या लेकरांना होतील.”

“नगं, काका. खुर्ची मीच उचलली व्हती. हे माझ्या घरी वाजलं तर मला मावशीच दिसतीन.” मग देवश्री आली तेव्हा खोकं गाडीत घालून घेऊन गेली. पुढे त्याचं काय झालं, ते कोणी विचारलं नाही.

खुर्ची पुन्हा खांबाला टेकवली. तिपाई जिथल्या तिथं. टीव्हीचा जुना आवाज निमुळत्या टोकाकडून पूर्वीसारखा येऊ लागला. सुधाबाई वॉकर धरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. व्यंकटराव मागे हात पसरून उभे. सुधाबाईंनी एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि मधेच थांबल्या. पुन्हा मागं गेल्या, पुन्हा निघाल्या. वॉकर जाऊन भिंतीला लागला.

“काय झालं?”

“पावलं बदलली हो माझी,” त्या म्हणाल्या. “हा पाय आखूड पडतो. माझं घर माझ्या पावलांनी मोजलेलं होतं. आता ते मापच लागत नाही.”

त्यानंतरही त्यांनी बरेच दिवस यत्न केला. देविदासनं दारापासून भिंतीच्या कडेनं खांबाजवळच्या खुर्चीपर्यंत दोरी बांधून दिली. दोरी धरून त्या येत, पण ते चालणं त्यांना आवडेना. हळूहळू उठणं कमी झालं. स्वयंपाकाला रुख्मिणीबाई येऊ लागल्या. सुधाबाई त्यांना बसल्या जागेवरून मीठ-मिरची सांगत. मग तेही सुटलं. टीव्ही लावू का म्हटलं तर म्हणत, “कशाला? मला कुठं जायचंय?”

व्यंकटरावांनी नवी वस्तू आणणं सोडलं. मोबाइलसुद्धा ते देवश्रीच्या फोनपुरता उघडतात. गल्लीत कोणाकडे काही नवं आलं की लोक अजून बोलावतात, ते जात नाहीत.

संध्याकाळी दोघं बैठकीत बसतात. सुधाबाई बोलतात, माहेरचं, देवश्रीच्या लहानपणचं, कुठल्या तरी जुन्या पावसाळ्याचं. पुष्कळदा त्यांचं तोंड भलतीकडे असतं. व्यंकटराव दाराशी बसलेले असतात आणि सुधाबाई भिंतीकडे बघून बोलत असतात. ते त्यांना सांगत नाहीत. आवाज न करता उठतात, आपलं स्टूल उचलतात आणि त्या बघत असतात तिथं, भिंतीला पाठ लावून, त्यांच्यासमोर जाऊन बसतात.