दानियलचे लाल गुडघे

बाळांच्या दवाखान्यात नर्स असलं की किस्से शोधावे लागत नाहीत, इस्रायलमधल्या आमच्या अश्दोदच्या वाळूसारखे घरभर साचतात! हे त्रेसष्ट सालचे.

मुंबईहून आलेली आमची रिबका रांगत्या दानियलला घेऊन आली. पोराचे गुडघे नि तळवे लालभडक, सालं निघालेली. डॉक्टरीणबाई रुमानियाच्या, त्यांना मराठी येत नाही, म्हणून मध्ये मी.

"फरशी कशाने धुतेस?"

"ब्लीचने."

"किती घालतेस?"

"खालच्या जिन्यात वास पोचेपर्यंत!"

"अगं, इतकं कशाला?"

"वास पोचला नाही तर शेजाऱ्यांना कसं कळणार, आम्ही इंडियावाले स्वच्छ असतो म्हणून?"

मी हे हिब्रूत सांगितलं. बाई हसल्या नाहीत.

* * *

पाळणाघराच्या बाईने दानियलला दारातूनच परत पाठवलं होतं. "हे लागट आहे, बाकीच्या पोरांना होईल. बरं झाल्याशिवाय आणू नका!" रिबकाला गिरणीत नुकतंच काम लागलेलं. पोराला ठेवायला जागा नाही, तर कामही गेलं! सासू होती, पण गुडघेदुखीने बेजार. रांगत्या पोरामागे धावणार कशी?

डॉक्टरीणबाईंनी ब्लीच बंद करायला सांगितलं, नि घरी येऊन बघते म्हणाल्या. डॉक्टर घरी येणार म्हटल्यावर रिबकाने काय करावं? पहाटे उठून घर ब्लीचने घासून काढलं! दारातच बाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. रिबका नवऱ्याला म्हणाली, "बघा हो, केवढी माया! आपल्या बाळासाठी रडतायत!"

* * *

शेवटी सासूबाईंनी, शेगुलाबाईंनी, ब्लीचची बाटली उचलली नि आपल्या ट्रंकेत कुलूपबंद केली. फरशी नुसत्या पाण्याने धुतली जाऊ लागली. दानियलचे गुडघे लोण्यासारखे मऊ झाले. फक्त बाटलीचं बूच सैल होतं! शेगुलाबाई त्याच ट्रंकेतली, लग्नात मेंदीला नेसलेली हिरवी साडी घेऊन दवाखान्यात हजर.

"सिस्टर, पोराचे डाग गेले ते हिच्यावर आले. हिला काय लावू?"

* * *

दानियल पाळणाघरात जाऊ लागला, रिबका गिरणीत. आठवडा झाला नसेल, पाळणाघराची बाई धापा टाकत आली. "म्हटलं होतं ना, लागट आहे म्हणून! सगळ्या पोरांना झालंय!"

रिबकाला गिरणीतून बोलावलं, तिचा चेहरा पांढराफटक. डॉक्टरीणबाई, मी, रिबका, तिघी धावलो.

खरंच! रांगणाऱ्या प्रत्येक पोराचे गुडघे लाल. पाळणाघराची बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझ्याकडे स्वच्छतेत कसर नाही हं! हा पोरगा आल्यापासून फरशी सकाळ-संध्याकाळ ब्लीचने धुते मी!"

रिबकाने बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दानियलचा पापा घेऊन त्याला माझ्या कडेवर दिलं नि पदर खोचला.

"सिस्टर, हिला तुम्हीच समजवा. मला गिरणीत जायचंय."