पेटी, टाळ, लॅपटॉप आणि आप्पांचा फोटो

आमच्या वडिलांची शोकसभा मी ते बारामतीला दाढ काढायला गेले असताना उरकली.

मुद्दाम नाही. मुद्दाम मला आजवर एक काम धड जमलेलं नाही, हे गावात कुणीही सांगेल. मी संगीतकार आहे. म्हणजे लग्नात वाजवतो तसला नाही, सिनेमाला देतो तसलाही नाही. मी साधी वाद्यं, लॅपटॉपमधून काढलेले आवाज आणि पडद्यावरचं चलचित्र असं तिन्ही मिळून एक रचना करतो. पुण्यात शिकलो, मग शिष्यवृत्ती मिळवून दोन वर्षं परदेशात शिकलो. तिथं माझी रचना ऐकून एका बाईंनी डोळे मिटून घेतले होते. (झोपल्या नव्हत्या, मी नंतर विचारून खात्री करून घेतली.)

आमचं गाव लासुर्ण्याच्या अलीकडं. गावात आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कुणी विचारलं की पोरगं काय करतंय, तर ते म्हणायचे, "कॉम्प्युटर." पुढं कुणी विचारलं तर एसटी आली म्हणून निघून जायचे. आप्पांनी तीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. ट्रॉली काट्यावर असताना ड्रायव्हरनं बाजूला नुसता पाय टेकवला तरी ते वजन धरत नसत. सगळ्या जगाकडं ते असंच बघतात. भरली ट्रॉली वजा रिकामी ट्रॉली, जे उरलं ते खरं. माझ्यात काय उरतंय, ते त्यांना कळत नव्हतं.

त्यातच आत्याच्या यजमानांनी बारामतीत ट्रॅक्टरच्या शोरूमला माझ्यासाठी एक जागा धरून ठेवली. सोमवारी हजर व्हायचं. मी म्हणालो, मी कलावंत आहे. आप्पा म्हणाले, बरं, मग वजन करू.

"हितं गावात वाजीव एकदा. लोकं शेवटपर्यंत थांबली, तर मी परत शोरूमचं नाव काढायचा न्हाय. न्हाय थांबली, तर सोमवारी आंघोळ करून जायाचं."

माझी रचना नऊ मिनिटांची. नऊ मिनिटं काय, गावातली माणसं ग्रामपंचायतीची सूचना वाचत सुद्धा तेवढा वेळ उभी राहतात. मी लगेच हो म्हणालो. आप्पांनी आणखी एक अट घातली, ती स्वतःवरच. ते कार्यक्रमाला येणार नाहीत. ते समोर बसले तर लोक भिडेखातर बसतील आणि काटा खोटा दाखवेल. म्हणून त्यांनी बरेच दिवस ठणकणारी दाढ काढायला नेमका शनिवारच धरला आणि सकाळच्या एसटीनं गाल धरून बारामतीला गेले.

रचनेचं नाव 'वजन'. पेटी आणि टाळ आमच्या भजनी मंडळाचे. पेटीवर नामदेवतात्या. त्यांना मी समजावलं की काळी दोनची पट्टी दाबायची आणि मी खूण करेपर्यंत सोडायची नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की मग गाणं कधी सुरू व्हायचं. मी म्हणालो, तात्या, यात गाणं नाही. त्यांनी पेटीचं झाकण लावलं, परत उघडलं. मग म्हणाले, तुझा आजा माझा दोस्त व्हता म्हणून बसतो.

शनिवारी चार वाजता सोसायटीच्या हॉलच्या खिडक्यांना ताडपत्र्या बांधून अंधार केला. स्पीकरवरून पुकारलं होतं, "संगीताचा कार्यक्रम, चहा हाय." संगीतासाठी किती आले आणि चहासाठी किती, हा हिशोब मी काढला नाही. पण चाळीसेक माणसं जमली. आई हॉलच्या मागं चूल मांडून चहाच्या नादात होती.

सुरू झालं. तात्यांनी काळी दोन दाबली. एक मिनिट गेलं. पहिल्या रांगेतून बापूकाका उठले. हे आप्पांचे चुलतभाऊ. यांच्या रानातून आमच्या उसाला जायची वाट आहे, ती यांनी सहा वर्षं अडवून धरली होती आणि आप्पांशी बोलणं टाकलं होतं. (कार्यक्रमाला आले होते ते आमची फजिती जवळून बघायला, हे त्यांनीच बाहेर सांगितलं होतं.) काका सरळ स्टेजवर आले, पेटीवर वाकले आणि अडकलेली पट्टी नखानं उचकटायला लागले. त्यांना वाटलं, पेटी बिघडलीय. तात्या पट्टी दाबतायत, काका उचकटतायत, आणि परदेशातनं शिकून आलेला मी मधे हात जोडून उभा.

त्यांना खाली बसवलं. मग लॅपटॉपमधून भरलेल्या ट्रॉलीखाली काटा जसा करकरतो तो आवाज आला. तो मी वीसपट लांबवला होता. स्पीकरवाल्यानं घाबरून बटण बंद केलं. मी चालू केलं, त्यानं बंद केलं, असं दोनदा झालं. पडद्यावर ट्रॉलीचं एक चाक, खालून, दीड मिनिट. लोक एकेक करून उठायला लागले. काहीजण जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. चौथ्या मिनिटाला मी मोजलं, अकरा उरले होते. त्यातले दोघे चहासाठी थांबलेले आणि एकजण दारात पाय लांब करून झोपलेला. मला तिथंच ट्रॅक्टरच्या इंजिनाचा वास यायला लागला.

आणि मग पडद्यावर आप्पा आले.

हा रचनेचा गाभा. आप्पांचा चेहरा, काळापांढरा, कारण रंगानं लक्ष विचलित होतं असं आम्हाला शिकवलंय. डोक्यामागून उन्हाचं वलय, कारण मी उन्हाकडं तोंड करून चित्रण केलं होतं. चेहरा सावकाश जवळ येतो. खाली पांढऱ्या अक्षरात 'आप्पा'. पेटी बंद. लॅपटॉप बंद. दीड मिनिट संपूर्ण शांतता, त्यात सहा सहा सेकंदांनी टाळाचा एकच ठोका. आणि टाळ कुणाच्या हातात? गावात मयत झालं की तिरडीपुढं चालतात, त्यांच्याच!

हे सगळं आज लिहिताना लख्ख दिसतंय. तेव्हा मला कला दिसत होती.

बापूकाकांनी मागं वळून हळूच विचारलं की आप्पा कुठंय. कुणीतरी म्हणालं, सकाळी बारामतीला दवाखान्यात गेलेत. दुसऱ्यानं सांगितलं की स्टँडवर तोंड धरून बसले होते, बोलता येत नव्हतं. एवढं पुरलं. काका उठले आणि टोपी काढून उभे राहिले. त्यांच्यामागं सगळे उभे राहिले. झोपलेला सुद्धा.

परदेशात रचना आवडली की लोक उभे राहतात. मला वाटलं, आली वेळ! माझ्या गावच्या मातीला माझं संगीत कळलं! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पोरगं रडतंय म्हटल्यावर ज्यांना थोडीफार शंका होती, तीही मिटली. गेलेले लोक परत यायला लागले, चपला बाहेर काढून, टोप्या हातात घेऊन. त्यांच्यामागं कार्यक्रमाला आलेच नव्हते तेही आले. हॉल भरला, दारात गर्दी झाली. दोनशे माणूस, आणि श्वासाचाही आवाज नाही. मी इतका भारावलो की दीड मिनिट संपलं तरी टाळवाल्याला खूण केली, चालू ठेव. चित्रही थांबवून धरलं. आप्पा पडद्यावरून सगळ्यांकडं बघत राहिले.

मग माजी सरपंचांनी सगळ्यांना खाली बसायची खूण करून माईक घेतला. म्हणाले, असं काही आज अचानक बघावं लागेल असं वाटलं नव्हतं. मी नम्रपणे मान डोलावली. म्हणाले, पोरानं बापाला शोभेल असा कार्यक्रम ठेवला. मी हात जोडले. म्हणाले, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो.

माझे जोडलेले हात तसेच राहिले.

आता खरं सांगतो, कारण लाज वाटायची ती वाटून झालीय. त्याच क्षणी मी ओरडून सांगायला हवं होतं की आप्पा धडधाकट आहेत. तोंड उघडलंही होतं. पण समोर दोनशे माणसं बसली होती आणि एकही उठत नव्हतं. शोकसभेतून कोण उठतं? सोमवारचं शोरूम माझ्या डोळ्यांसमोरून लांब लांब जात होतं. मी तोंड मिटलं. एका नोकरीच्या भीतीपायी मी जन्मदात्या बापाला आणखी दहा मिनिटं मेलेलं ठेवलं.

बापूकाका माईकवर आले आणि ढसाढसा रडले. लहानपणी दोघं एका सायकलवर शाळेत जायचे, ते सांगितलं. आप्पांनी काट्यावर कधी सख्ख्या भावाचाही ऊस किलोभर जास्त धरला नाही, ते सांगितलं. मग डोळे पुसून म्हणाले, "सहा वर्सं वाट अडवली म्या. चुकलो. उद्यापासनं आप्पाच्या उसाला माझ्या रानातनं वाट मोकळी."

लोकांनी डोळ्याला पदर, उपरणी लावली. तेवढ्यात आई चहाची किटली घेऊन आत आली. पडदा बघितला, लोक बघितले, रडणारे काका बघितले.

"अवं, काय झालं काय? त्ये दाढ काढाया गेल्यात."

दारातल्या कुणीतरी मागच्या खुर्चीकडं बोट केलं. आणि मग सगळ्यांच्या माना एकेक करून मागं वळल्या. शेवटच्या खुर्चीवर आप्पा बसले होते. गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. डॉक्टरांनी घरी पोचेपर्यंत बोळा काढायचा नाही आणि बोलायचं नाही असं बजावलं होतं. आप्पा नियमाचे पक्के. किती वेळ बसले होते कोण जाणे. डोळे मात्र ओले होते. त्यांनी बापूकाकांकडं बघून हात हलवला, चालू द्या म्हणून.

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी ते आप्पांना कडकडून भेटले. मग भेटता भेटता त्यांना वाट आठवली. तो शब्द आपण गेलेल्या माणसाला दिला होता, असं ते पुटपुटायला लागले. आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. बोळा काढला.

"माईकवर बोललाइस, बापू."

वाट मोकळी झाली. परवा त्याच वाटेनं आमचा ऊस गेला.

घरी आल्यावर मी हळूच पैजेचा विषय काढला. म्हणालो, आप्पा, दोनशे माणूस थांबला होता. आप्पांनी सुजल्या गालानं वजन करून दिलं.

"थांबली ती माझ्यासाठी. आन् तुझं नऊ मिन्टाचं साडेपाचातच बंद पडलं. काटा मधीच बंद पडला, तर वजन धरत न्हायीत."

सोमवारी मी आंघोळ करून शोरूमला गेलो.

तिथं चौथ्या दिवशी एक गिऱ्हाईक माझ्याकडं आलं. विचारलं, आप्पांचं ते श्रद्धांजलीचं तुमीच केलं का, आमच्या तात्यांचं करून द्या. मी आवाज खाली आणून विचारलं, तात्या कधी गेले. तो म्हणाला, गेले न्हायीत, बाहेर ट्रॅक्टर बघत्यात, पण त्यांना स्वतः बघायचंय. दोन वर्षं परदेशात शिकून मला मिळालेलं हे पहिलं काम.

आप्पा आता विचारणाऱ्याला "संगीतकार" म्हणून सांगतात आणि एसटी सोडून देऊन थांबतात. रोज जेवण झालं की आईला 'वजन' लावायला सांगतात. पेटीचा एक सूर ऐकतात, काट्याची करकर ऐकतात, चाक बघतात, आणि स्वतःचा चेहरा आला की नीट सावरून बसतात. चेहरा गेला की म्हणतात, बंद कर. परवा मला राहवलं नाही. म्हणालो, आप्पा, पुढं अजून साडेतीन मिनिटं आहेत, तीच माझी सगळ्यात चांगली आहेत, ती आजपर्यंत गावात कुणीच ऐकलेली नाहीत.

आप्पा टॉवेलनं तोंड पुसत म्हणाले, "पुढचं कशापायी ऐकू? मी गेलो की त्यात."

मी ती साडेतीन मिनिटं काढून टाकली. गिऱ्हाईकाच्या तात्यांचंही तेवढंच ठेवलं. त्यांच्या घरचे म्हणाले, आता कसं नीट झालं.