बन्नेखांचा सहावा रोजा

आमच्या घरात धन्यांच्या आधी त्यांच्या ताटाला हात लावायचा मान एकट्या बन्नेखांचा. मान कसला डोंबलाचा! मामंजी भरल्या पानावर गेले, विषाचा संशय कधी फिटला नाही. तेव्हापासून धारजवळच्या आमच्या जहागिरीत चाखणारा ठेवला. बन्नेखां प्रत्येक पदार्थाचा घास खाई, घटकाभर वाट बघे, आणि मग आमचे हे, जगदेवराव, जेवायला बसत.

माणूस वाकड्या तोंडाचा. मीठ कमी पडलं की मला, घरच्या मालकिणीला, बांबूच्या चिकाच्या पडद्यापलीकडून ऐकवी, "बाईसाहेब, आज स्वयंपाकिणीचं मन माहेरी गेलंय." विष शोधायला ठेवला होता की चवीत खोड्या काढायला, देव जाणे. पण एकवीस वर्षांत एकदाही चुकला नाही. रमजानात त्याचा दिवसभर कडक रोजा, म्हणून हे दुपारी केळी-पेरू खाऊन भागवत आणि दिवस मावळल्यावर जेवत. ईदेनंतर तो आणखी सहा रोजे धरी. ते सक्तीचे नसतात, आपखुशीचे. "रमजानला हे सहा जोडले की बरसभराच्या रोजांचा सवाब मिळतो," म्हणे. मग ते सहा दिवसही ह्यांचं जेवण रात्रीच. "पुण्य तुम्हाला आणि उपास आमच्या धन्यांना," मी चिडवी. तो नुसता हसे.

१९०४ सालच्या थंडीत ईद झाली आणि देवासहून ह्यांचे चुलतभाऊ आले, दत्ताजी. आम्हाला मूलबाळ नाही. ह्यांच्यामागे जहागीर त्यांचीच. आल्या दिवसापासून ते रोजांच्या नावाने बोटं मोडत होते. "एका नोकरासाठी सरदारानं ताटकळायचं? काय भैया, तुमच्याकडे रमजान संपत नाही वाटतं!" आणि रोज न चुकता विचारत, आज कितवा? चौथ्या दिवशी परसात मांजर मरून पडलं. तोंडाला फेस होता. मी ते पुरायला सांगितलं, पण माझ्या मनात पाल चुकचुकली.

सहाव्या दिवशी भर दुपारी दत्ताजींनी ह्यांच्यापुढे बासुंदीचं भांडं ठेवलं. "आज मी परत निघतो. स्वतः उभं राहून आटवून घेतलीय. माझ्यादेखत घ्या."

ह्यांनी बन्नेखांकडे पाहिलं.

"राहू द्या हो," दत्ताजी म्हणाले. "बिचाऱ्याचे पाच झालेत. शेवटच्या दिवशी मोडायला लावायचा? आणि भावाच्या हातचंही चाखून घेणार का आता?"

पाच दिवस ज्यांनी नावं ठेवली, त्यांना आज दया आली. चिकाआड मला ते मेलेलं मांजर आठवलं. ओरडावंसं वाटलं. पण पुरावा काय होता माझ्याकडे? चार लोकांसमोर दिरावर आळ घ्यायचा? मी गप्प बसले. ह्यांनी भिडेपोटी वाटी भरून घेतली.

बन्नेखांने ती अलगद त्यांच्या हातून काढून घेतली. "सरकार, हा रोजा खुशीचा आहे. मोडला तर पुन्हा धरता येतो." बिस्मिल्ला म्हणून त्याने दोन घोट घेतले आणि नेहमीसारखा घटका मोजत उभा राहिला. नजर मात्र दत्ताजींवर. दत्ताजी घोडा बघून येतो म्हणून उठले, ते आलेच नाहीत.

घटका भरायच्या आत बन्नेखां खाली बसला. मग ओकाऱ्या सुरू झाल्या. एकवीस वर्षांत पहिल्यांदा मी चिकाबाहेर त्याच्यासमोर आले, पाण्याचा तांब्या घेऊन. पाणी पोटात ठरेना.

"एक राहिला, बाईसाहेब," तो म्हणाला. "बरा झालो की धरीन."

दिवस मावळायच्या आत तो गेला. गावात पटकी म्हणून बोभाटा झाला आणि ह्यांनी तो होऊ दिला. घराण्याची अब्रू ना!

दर वर्षी ईद झाली की मी एक दिवस पाण्याचा थेंबही न घेता काढते. हे विचारतात, आज कसला उपास? मी सांगत नाही. त्या दुपारी मी तोंड उघडलं असतं, तर सहावा त्याचा त्यानेच पुरा केला असता.