उशीतल्या हवेचं भाडं

यातला एक तरी शब्द खरा मानून दाखव बरं. माह्या घरचे मानत नाईत, तू काय मानशील.

त्या साली कापसाले भाव नव्हता. साऱ्या गावानं बीटी लावेल, साऱ्यायच्या घरात कापूस आढ्यापर्यंत भरेल, अन् त्या कापसानं साऱ्यायचंच अंग खाजवून राह्यलं होतं. आमच्या बचत गटाचे किस्से तसेच साचले. गिऱ्हाईक नाई, म्हनून तुह्या कानात भरते.

पिंजाऱ्याची सून नसीम आमच्या गटात. घरी कापूस पिंजाची मशीन, पन बीबी गावच्या बाजारात फोमच्या गाद्या आल्या अन् तिच्याकडं कोनी फिरकेना. नवरा रफिक म्हने, "आखाजी के सन तक देखते. नही तो मशीन बेचके जालना जाते." नसीम गेली त माह्यासंग भांडाले कोन राह्यलं? म्या म्हनलं, "उशा करू. मोबाईलवर इकू."

*

मोबाईलवर दुकान उघडाच्या आधी कंपनीच्या अटी येतात. शाळेतल्या मंगलाबाई म्हनल्या, "सारे खाली सरकवून 'मान्य' दाबतात."

"न पाहता म्या नवऱ्यालेही हो म्हनलं नव्हतं," म्या म्हनलं. "वाचा."

मंग काय, पोथी बसली. मंगलाबाई वाचे, आम्ही डोक्यावर पदर घेऊन आयकू. कमिशन कापाचा हक्क कंपनीचा, पैसे थांबवाचा हक्क कंपनीचा, दुकान बंद कराचा हक्कही कंपनीचाच. संपलं तवा आम्ही सवयीनं हात जोडले. नसीम म्हने, "आमीन."

समजलं कोनालेच नाई. मंगलाबाईनं 'मान्य' दाबलं अन् म्या साखर वाटली.

*

पहिलीच उशी वापस आली. कारन लिहेल, 'आवडली नाही.' हप्त्याच्या आत वापस करता येते, अन् जान्या-येन्याचं भाडं आमच्यावर. उशीले खोबऱ्याच्या तेलाचा वास.

म्या नाक लावलं. "गिऱ्हाइकाच्या घरी पाहुणे आलते, बाई. गेले."

*

मंगलाबाईनं अटी पुन्हा धुंडाळल्या. वापस आलेलं पाकीट फोडताना न थांबता व्हिडिओ काढला, त नुकसान भरून भेटते म्हने.

आता व्हिडिओ म्हनल्यावर पाकीट तसंच थोडी फोडतात? हळदकुंकू वाह्यलं, नारळ फोडला. साऱ्या म्हनल्या, "आजी, दोन शब्द बोला." माहे दोन शब्द संपले तवा फोनातली जागा संपली होती. पाकीट फोडाचंच राह्यलं.

*

महिना झाला. उशा खपल्या, हाती काईच नाई. मंगलाबाईनं कंपनीत फोन लावला. तिकडची पोरगी मोठी गोड. "मॅडम, उशी हलकी आहे, पण पाकीट मोठं आहे. ते जागा जास्त घेतं, म्हणून जागेवरून वजन धरतात."

म्या फोन हिसकला. "म्हंजे हवेचंही भाडं काय वं?"

"आजी, अटींमध्ये आहे. तुम्ही मान्य केलंय."

घ्या. कापूस इकाले गेलं त व्यापारी ओलाव्याचं कापते, उशी इकाले गेलं त कंपनी हवेचं.

रफिक दारात उभा. "हो गया ना आजी तुमारा धंदा? मै आखाजी का टेंपो बोलके आया."

नसीम मशीन पोत्यानं झाकाले लागली. मले तेच नाई पटलं. भांडाचं सोडून आवरते काय?

*

म्या म्हनलं, "नसीम, गाडीत कापूस भरताना काय करतो आपन?"

"तुडवते."

पाय धुतले, उशी पोत्यात टाकली अन् चढलो. चपटी झाली तशी दोरीनं आवळली, चिकटपट्टी मारली. पाकीट एवढुसं. मंगलाबाई म्हने, "अहो, लोक शिव्या देतील."

नसीम म्हने, "चिठ्ठी डालो. एक दिन धूप में रखो, कपास फूलता."

भाडं खाली आलं. मंग एका पुन्याच्या बाईनं लिहेल आलं, 'पाकीट पाहून रडू आलं होतं. गच्चीत ठेवली. आता उशी दारातून आत येत नाही. एकीच्या पैशात दोन पाठवल्या का?' त्यावर ऑर्डरी सुरू झाल्या.

अन् ऐन आखाजीले रफिकचा टेंपो दाराशी लागला. नसीमच्या घरात उशायचा ढीग, मशीन चालू, अन् तुडवाले आम्ही गुडघे गेलेल्या म्हाताऱ्या.

ड्रायव्हर म्हने, "भाई, क्या चढाना है?"

रफिकनं मशीनकडं पाह्यलं, नसीमकडं पाह्यलं. मंग मोरीत गेला, पाय धुतले, पायजमा वर गुंडाळला अन् पोत्यात चढला.

ड्रायव्हर बाहेर हॉर्न वाजवून राह्यला होता.

संपला किस्सा. जाय बाप्पा आता, घरी जाय.