शाळेच्या चार मधपेट्या

मधमाश्या पाळल्या की मध जमतो म्हणतात. आमच्याकडे किस्से जमले! नव्वदच्या दशकात नवी मुंबईत झाडांपेक्षा सिमेंटची पोती जास्त दिसायची. तेव्हा मी, विज्ञानाचा मास्तर, मुलांना शिकायला म्हणून शाळेमागे बाग केली आणि चार मधपेट्या मांडल्या. मध निघाला दोन बाटल्या. किस्से अजून पुरताहेत.

*

माळी होते करावे गावचे महादूकाका. पेटी उघडताना तोंडावर जाळी घ्या, असं मी बजावलं. "जाली? घरान ढीग हाय!" म्हणत दुसऱ्या दिवशी ते मासेमारीचं जाळं डोक्यावर घेऊन हजर! पाचव्या मिनिटाला बागेतून आरोळी आली, "मास्तर, आत येतान, पन भायेर नाय जात!"

तोंड सुजलं, पण त्यांचा पेट्यांवर जीव जडला. घरी निघताना पेट्यांपाशी वाकून "येतंव गो पोरींनो" म्हणायचे.

*

आमच्या मोठ्या बाई रोज मोगऱ्याचा गजरा माळायच्या. एकदा प्रार्थनेला एक माशी थेट गजऱ्यावर! डोळे मिटलेल्या सगळ्या शाळेने ती पाहिली. प्रार्थना संपली, माशी उडाली. बाई माइकवर म्हणाल्या, "आज शिस्तीत फक्त तीच बसली होती!"

*

शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी मात्र कडक. कंपाउंडवर चढवलेला कारल्याचा वेल हा त्यांचा अभिमान. त्यांचं लेखी पत्र आलं, "आपल्या माश्या आमच्या हद्दीत येतात. बंदोबस्त करावा." मी बाईंना म्हटलं, "माश्यांना गेटपास देऊ का?" बाई हसल्या नाहीत. शाळेच्या कमिटीने पेट्या हलवायला सांगितलं.

तिन्हीसांजेला सगळ्या माश्या परतल्यावर काकांनी पेट्यांची दारं बंद केली आणि टेम्पोतून त्या जासईला, आपल्या बहिणीच्या वाडीत नेल्या. दुसऱ्या दिवशी घरी निघताना ते सवयीने रिकाम्या जागेपाशी वाकले. मलाही फार वाईट वाटलं.

*

महिन्याभराने सेक्रेटरी स्वतःच आले. वेल पिवळ्या फुलांनी भरलेला, पण कारलं एक नाही! इवलंसं धरायचं आणि गळून जायचं. हातात पुन्हा पत्र. बाईंनी आमच्यासमोर मोठ्याने वाचलं, "आपल्या शाळेच्या माश्या गेला महिनाभर आमच्याकडे गैरहजर आहेत. तरी त्वरित लक्ष घालावे."

बाईंनी चष्मा काढला, पत्राची नीट घडी घातली आणि दारात उभ्या काकांना म्हणाल्या, "महादूकाका, जासईला जा. पोरींना सांगा, पालक भेटायला आलेत!"