भाऊजींचे कान

दगडानं दार फोडून मी आत शिरले तेव्हा भाऊजी डोक्याला हेडफोन लावून मान डोलवत बसले होते. त्यांच्या कानात त्यांच्या आईचं गाणं चालू होतं. पुढच्या खोलीत तीच आई, म्हणजे माझी सासू, पेटलेल्या छपराखालून त्यांना हाका मारून गप्प झाली होती. मी हेडफोन ओढून काढला. भाऊजी चिडले. म्हणाले, "वैनी, दार कशाला तोडलं? टेप चालू हाय ना."

माणूस वाईट नव्हता. पण किळस यावी असा होता. चिकलठाण्याच्या एका कंपनीत पहिली पाळी करून दुपारी घरी यायचे, आणि हातपाय न धुता आधी कान साफ करायचे. सायकलच्या किल्लीनं कोरायचे आणि निघालेला मळ उजेडात धरून पाहायचे. वस्तीत त्यांना कानशेठ म्हणत. त्यांना त्याचं काही वाटत नसे, उलट मान ताठ व्हायची.

हेडफोनच्या गाद्या तेलानं आणि घामानं बरबटून जायच्या. वरचं काळं रेक्झिन सुटून त्यांच्या कानांना चिकटायचं, आणि तसेच ते जेवायला बसायचे. एकदा त्या गाद्या त्यांनी माझ्या चहाच्या पातेल्यात उकळल्या. मी पातेलं अंगणात भिरकावलं. ते घासून परत आणून ठेवत भाऊजी म्हणाले, "वैनी, ह्या गाद्यांवर चळवळ हाय आपली." त्या पातेल्यात मी पुन्हा चहा केला नाही.

चळवळ नामांतराची. विद्यापीठाचं नाव बदलावं म्हणून आमची माणसं मोर्चे काढत होती, लाठ्या खात होती, जेलात जात होती. भाऊजी मोर्च्यात फार दिसायचे नाहीत. ते गाण्यांच्या कॅसेटी करायचे. सासूला आम्ही आत्या म्हणायचो. आत्यांचे पाय लकव्यानं गेले होते, पण गळा शाबूत होता. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी गाणं जुळवलं होतं, "नाव लिहा गं दारावरी, माझी नात वाचंल." भाऊजींनी तो आवाज एका टेपवर घेतला. मग तो वाजवत त्यावर ढोलकी आणि पेटी घालून सगळं दुसऱ्या टेपवर उतरवायचं, कुठं काय कमी, काय जास्त ते कानानं ठरवायचं. याला ते मिक्सिंग म्हणायचे.

हेडफोन घ्यायला ते मला शहागंजात घेऊन गेले. मी विचारलं, माझं काय काम? म्हणाले, "तुमच्यासारखा कर्कश आवाज वस्तीत नाय." दुकानात पहिला हेडफोन लावला आणि मला म्हणाले, "माझ्या मागं उभ्या राहून शिव्या द्या." मी दिल्या. शोधाव्या लागल्या नाहीत, साठलेल्याच होत्या. त्यांना ऐकू आल्या, म्हणून तो नापास. दुसऱ्यात गाणं फार छान लागलं, तर तोही नापास. म्हणाले, "सगळंच गोड करून ऐकवतो तो लबाड. वंगाळ असंल ते वंगाळच ऐकवंल असा पायजे."

दुकानदार वैतागला. "मियाँ, गाना सुनना है के नुक्स निकालना है?"

"नुक्सच निकालना है," भाऊजी म्हणाले.

तिसरा जडशीळ, सगळा कान झाकणारा. मी त्यांच्या खानदानाचा उद्धार केला तरी भाऊजी शांत. दुकानदार हात जोडून म्हणाला, "आपा, अब बस करो, गिऱ्हाइक भाग रहे." तोच घेतला.

मग त्यांनी मागची खोली बंद करायला घेतली. भिंतींना गोणपाट ठोकलं, त्यावर माझ्या दोन वाकळा. रस्त्यावरचा ट्रक, कोंबडा, माझी भांडी, काही आत येता कामा नये. आतल्या आणि मागच्या, दोन्ही दारांना आतून कडी. मी म्हटलं, "आणि आत्यांनी हाक मारली तर?" ते म्हणाले, "तुम्ही हाव की घरात." आमच्यात सगळे असंच धरून चालत. बाई घरात असतेच.

त्या दिवशी नळाला दुपारी पाणी आलं. माझे मालक, म्हणजे भाऊजींचे थोरले भाऊ, कंपनीत होते. मी हंडे घेऊन गेले आणि रांगेत असतानाच धूर दिसला. नामांतराच्या विरोधातल्या जमावानं पुढच्या छपरावर रॉकेलचे बोळे टाकले होते. पळणाऱ्यांतला एक भाऊजींच्या शेजारच्या मशीनवर काम करायचा. माझ्या हातचं लोणचं त्यानं पोटभर खाल्लं होतं. बऱ्याच वर्षांनी तो दवाखान्यात भेटला आणि म्हणाला, "ओळखलं का, मावशी?" मी त्याच्यासमोर थुंकले.

पुढच्या दारानं आत जाता येत नव्हतं, म्हणून मी मागं धावले. आत्यांच्या हाका मला बाहेर ऐकू येत होत्या. "किसन्या, किसन्या." दार फुटलं तोवर त्या हाका बंद झाल्या होत्या. भाऊजींना कळलं तेव्हा ते आगीत घुसले आणि खाट ओढून बाहेर आणली. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. कॅसेट मी उचलली होती. का उचलली ते सांगता येत नाही.

विद्यापीठाला नाव मिळेपर्यंत ते गाणं सभांत वाजत राहिलं. लोक रडायचे. भाऊजी मान तिरकी करून ऐकायचे आणि मला म्हणायचे, "ढोलकी जरा वर झाली, वैनी. माय खाली ऱ्हायली." मी उठून जायचे. पण त्यांची बोटं वाकडी झाली होती, घास धरता येत नव्हता. रोज दोन वेळा तो मीच भरवला, ते जाईपर्यंत. नव्या हेडफोनसाठी त्यांनी शहागंजात यायला सांगितलं तेव्हा मात्र मी गेले नाही.

आता माझी नात घरात गाणी करते. कोणता हेडफोन घेऊ म्हणून मलाच विचारते. मी सांगते, गोड ऐकवणारा घेऊ नको. हे भाऊजींचं आहे, आणि ते खरं आहे. दाराला कडी लावू नको, हे माझं.

आग लागली तेव्हा घरात दोघं होती, आत्या आणि भाऊजी. भाऊजी वाचले.